सुडाचा जमाखर्च

बँकेच्या काउंटरमागे बसणाऱ्या माणसाला सूड घ्यावासा वाटण्याचे प्रसंग दिवसातून सरासरी सहा तरी येतात. त्यांतले चार जेवणाच्या सुट्टीआधीचे असतात. नाण्यांची पिशवी समोर ओतून ‘जरा लवकर मोजा, बाहेर रिक्षा थांबवलीय’ म्हणणारा. दार बंद व्हायला पाच मिनिटं असताना अख्ख्या खानदानाची पासबुकं भरायला घेऊन येणारा. आणि पेन मागून नेऊन परत न देणारा. हा तिसरा तर कुठल्याही शास्त्राप्रमाणे देहदंडाला पात्र आहे. पण संध्याकाळी टॅली लागते, ड्रॉवरला कुलूप बसतं आणि आमचा राग निवतो. आम्ही मध्यमवर्गीय माणसं राग सस्पेन्स खात्यात टाकतो आणि मार्चअखेरीस निर्लेखित करतो.

म्हणूनच नाकामुरा मोंदो पडद्यावर पहिल्यांदा दिसला तेव्हा मला सख्खा भाऊ भेटल्यासारखं झालं.

हा मोंदो म्हणजे जपानी चित्रपटांतला भाडोत्री मारेकरी. ‘हिस्सात्सु’ नावाची एक मालिका जपानी टेलिव्हिजनवर १९७२ साली सुरू झाली. हिस्सात्सु म्हणजे ‘नक्की ठार’, अगदी ‘हमखास गुण’च्या चालीवर. मालिकेचे पुढे इतके अवतार निघाले की सहाशेव्या भागाच्या निमित्तानं १९८४ मध्ये मोठ्या पडद्यावर चित्रपट काढला, आणि तो मी पाहिला. मोंदो दिवसा एदो शहराच्या, म्हणजे आजच्या तोक्योच्या, दंडाधिकाऱ्याच्या कचेरीत नोकरी करतो. हुद्दा दोशिन, म्हणजे उतरंडीतलं जवळजवळ शेवटचं मडकं. पगार सालीना तीस पोती तांदूळ आणि वर दोन माणसांचा शिधा. कचेरीत तो डुलक्या काढतो, साहेबांची बोलणी खातो, आणि सगळे त्याला ‘दिवसाचा कंदील’ म्हणतात. उजेडात लावलेल्या कंदिलाचा उपयोग काय? हे टोपणनाव लक्षात ठेवा. पुढे दुसऱ्या एका गृहस्थांना चिकटवायचं आहे.

घरी गेला तर तिथं याहून बिकट. मोंदो घरजावई आहे. घर बायकोचं, आडनाव बायकोच्या माहेरचं, आणि सासूबाई हयात. ‘जावईबापू!’ अशी हाक आली की हा चार माणसांना लोळवणारा वीर पायातल्या खडावांसकट जागीच थिजतो. बढती का नाही, वंशाला दिवा का नाही, शेजारच्यांचा बोनस केवढा, असे प्रश्न होतात. बिचारा चार नाणी बायकोच्या नकळत फळीखाली लपवतो आणि बायको ती बिनचूक शोधून काढते. ऑडिट कसं असावं हे आमच्या बँकेनं त्या माउलीकडून शिकावं. हे काम फुजिता माकोतो या नटानं केलं. हा मूळचा विनोदी नट. तेव्हा माणसं मारण्याच्या कामावर विनोदी नट नेमणाऱ्याला मनुष्यस्वभाव पक्का ठाऊक असला पाहिजे.

रात्री मात्र कंदील पेटतो. कुणा गरिबाचं कुणीतरी वाटोळं केलेलं असतं. पोरीला विकलेलं असतं, नवऱ्याला खोट्या आळात अडकवलेलं असतं. मरता मरता तो गरीब कनवटीची चार नाणी काढून देतो, ‘माझा सूड घ्या’ म्हणतो. ती नाणी मोडक्या देवळात नाहीतर तळघरात मेणबत्तीच्या उजेडात मांडली जातात. टोळीतले एकेक जण पुढे होतात, आपापला वाटा उचलतात आणि अंधारात नाहीसे होतात. मग एकदम ट्रम्पेट वाजू लागतो, जणू कुणी काउबॉय घोड्यावरून निघालाय. टोळीत एक दागिने घडवणारा आहे, तो केसांच्या आकड्यासारखं हत्यार मानेत खुपसतो. एक शामिसेनवाला आहे, तो आपल्या वाद्याची तार गळ्याभोवती टाकतो. प्रत्येकाचं हत्यार त्याच्या धंद्यातलं. माझ्यावर वेळ आली तर मला रबरी शिक्क्यावरच भागवावं लागेल.

मला आवडलं ते त्यांचं पैसे घेणं. फुकट मारायचं नाही, हा टोळीचा पक्का नियम. रक्कम चार दिडक्या का असेना, घेतल्याशिवाय काम नाही. मी बी.कॉम.ला भारतीय करार कायदा, १८७२ पाठ केलेला आहे. मोबदल्याशिवाय केलेला करार रद्दबातल, हे त्यातलं कलम मोंदो तंतोतंत पाळतो. बेकायदा उद्देशाचा करारही रद्दबातल, असंही एक कलम आहे; त्या तासाला तो डुलकी काढत असावा. १९८४च्या चित्रपटात तर मारेकऱ्यांचेच मुडदे पडू लागतात आणि प्रत्येक मुडद्यापाशी तांब्याची सहा नाणी सापडतात. मेलेल्या माणसाला पैलतीराला जाताना नदी ओलांडायची असते, तिचं हे होडीभाडं. जपानात मेल्यावरही सुटे पैसे लागतात. कॅशियर म्हणून माझ्या अंगावर काटा आला.

आमची ही इतका वेळ शेंगा सोलत बघत होती. ती म्हणाली, “अहो, पण ही माणसं सरकारदरबारी का जात नाहीत?”

हिच्या प्रश्नांना उत्तरं शोधायला मला नेहमी पुस्तकं उघडावी लागतात. उत्तर असं निघालं की, त्या काळच्या जपानात सूड घ्यायला सरकारदरबारीच जावं लागे. सूड ही परवानगीनं करायची गोष्ट होती. वडिलांना किंवा थोरल्या भावाला कुणी मारलं आणि मारेकरी पळाला, तर सामुराई मुलानं आपल्या सरदाराकडे अर्ज करायचा. सरदारानं तो एदोला कळवायचा. तिथं रजिस्टरात नोंद व्हायची आणि त्या नोंदीची नक्कल मिळायची. मग मारेकऱ्याला देशभर हुडकायचं, सापडला की आधी तिथल्या अधिकाऱ्याला वर्दी द्यायची, त्यानं रजिस्टर तपासून घ्यायचं, आणि मग तलवार. झाल्या सुडाचा पुन्हा सूड घ्यायला बंदी होती, म्हणजे खातं तिथं बंद. ही पद्धत वाचताना मला घरकर्जाच्या फॉर्मची आठवण झाली. शोधायला वर्षं किती लागतील याचा भरवसा नाही. कुमे कोतारो नावाच्या माणसाचे वडील १८१७ साली मारले गेले तेव्हा तो सात वर्षांचा होता. मारेकरी त्याला गाठता आला तो १८५७ साली. मारेकरी तोवर ऐंशी ओलांडलेला बौद्ध भिक्षू झाला होता. आमच्याकडची घरकर्जंही वीस वर्षांत फिटतात.

पण या नियमातली खरी मेख पुढे आहे. परवानगी मिळे ती वडीलधाऱ्यांच्या खुनासाठी. धाकटा भाऊ, बायको, पोटचं पोर यांच्या खुनाबद्दल सूड घेण्याचा हक्क सहसा नव्हता. कर्तव्य खालून वर जायचं, वरून खाली नाही. मुलीसाठी रडणाऱ्या आईनं कुठल्या खिडकीवर जायचं? रजिस्टरात तिच्यासाठी रकानाच नव्हता. इकेनामी शोतारो या लेखकानं आपल्या कथांतले सुपारी घेणारे मारेकरी आणि त्यांच्या धंद्याचं नावसुद्धा कल्पनेतून काढलं; त्याच कथांवरून ही मालिका निघाली. तसली टोळी एदोत नव्हती. पण तिच्या दारात रांग लावतील अशी माणसं मात्र भरपूर होती. शहर दहा लाखांचं आणि मोंदोसारखे दोशिन एकेका कचेरीत शंभर-सव्वाशे. ज्यांचं काम कुठल्याच काउंटरवर होत नाही, अशी माणसं मी तेवीस वर्षं बघतो आहे. ती भांडत नाहीत. फॉर्म घडी करून पिशवीत ठेवतात आणि ‘बरं’ म्हणून जातात. त्यांच्यासाठी कुणी ट्रम्पेट वाजवत नाही.

मेइजी सरकारनं फेब्रुवारी १८७३ मध्ये सुडावर बंदी घातली. शिक्षा करणं हे सरकारचं काम, असा आधुनिक विचार आला. तो बरोबरच आहे. पण उसुई रोकुरो नावाच्या मुलाच्या आईवडिलांना १८६८ मध्ये रात्री घरात शिरून मारलं होतं. मारणाऱ्यांना राजकारणामुळे काहीच झालं नाही. त्यांतला एक जण नव्या राजवटीत चक्क न्यायाधीश झाला. आता न्याय मागायचा तर त्याच्याकडेच! रोकुरोनं १८८० साली वडिलांची लहान तलवार घेऊन तोक्योत त्याला गाठलं, मारलं, आणि स्वतः पोलिसांत हजर झाला. जन्मठेप झाली. १८९१ मध्ये माफीत सुटला. चित्रपटात हे दाखवलं असतं तर मी ‘फारच फिल्मी’ म्हणालो असतो.

आता दुसरा दिवसाचा कंदील. हे टोपणनाव मोंदोच्या कितीतरी आधी ओइशी कुरानोसुके या माणसाला होतं असं सांगतात. ‘सत्तेचाळीस रोनिन’ म्हणून जी जगभर गाजलेली सूडकथा आहे, तिचा हा नायक. आको नावाच्या पन्नास हजार कोकूंच्या संस्थानाचा कारभारी. वय चाळिशीतलं, म्हणजे माझ्याएवढं.

त्याचा मालक असानो नागानोरी. एप्रिल १७०१ मध्ये शोगुनच्या किल्ल्यात, पाइनवृक्षांची चित्रं काढलेल्या दालनात, असानोनं किरा योशिनाका नावाच्या वयस्क दरबारी अधिकाऱ्यावर तलवार उपसली. जुना राग आठवतो का, अशा अर्थाचं काहीतरी ओरडला. राग कसला, हे न सांगताच त्याच संध्याकाळी त्याला पोट चिरून मरावं लागलं. संस्थान खालसा. किरा जखमा बांधून घरी गेला. भांडणात दोन्ही पक्षांना सजा हा तिथला जुना रिवाज; तो इथं पाळला नाही, म्हणून आकोची माणसं पेटली.

इथवरची गोष्ट सगळे सांगतात. इथून पुढची बँकवाल्यानंच सांगावी. बातमी घेऊन पालखीनं निघालेले दूत सहाशे किलोमीटर अंतर साडेचार दिवसांत तोडून आकोला पोचले. आको संस्थानाच्या स्वतःच्या कागदी नोटा होत्या! संस्थान बुडालं म्हणजे नोटांचे झाले कागद. व्यापारी, मिठागरवाले, नोटा घेऊन धावत आले. धन्याच्या मरणाचा शोक करायला ओइशीला बसायला मिळालं नाही; आधी काउंटर उघडावं लागलं. त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दराचा साठ टक्के भाव ठरवून नोटा बदलून दिल्या. बुडणाऱ्या संस्थानानं शंभरातले साठ हातावर ठेवले म्हणून लोक समाधानानं गेले म्हणतात. नोव्हेंबर २०१६ मध्ये मी काउंटरवर होतो. आम्ही शंभराला शंभर देत होतो, तरी रांगेतल्या मंडळींनी आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. साठ दिले असते तर हा लेख लिहायला मी नसतोच.

सगळी देणी भागवून, किल्ला सरकारच्या ताब्यात देऊन ओइशीपाशी जी रक्कम उरली ती सुमारे ६९० ऱ्यो. त्यात असानोच्या विधवेच्या खाजगीतला पैसाही होता. ऱ्यो हे सोन्याचं नाणं. चार बु म्हणजे एक ऱ्यो, चार शु म्हणजे एक बु. सोळा शुंचा ऱ्यो, सोळा आण्यांचा रुपया! हे वाचून मला आजोबा भेटल्यासारखं वाटलं. शिवाय एदोत सोनं चाले आणि ओसाका-क्योतोकडे चांदी, तीही वजनावर. एवढ्या भानगडीत ओइशीनं पावणेदोन वर्षं या रकमेचा पै-पैचा हिशेब लिहिला. ती वही आजही हाकोनेच्या देवस्थानाकडे जपून ठेवलेली आहे. यामामोतो हिरोफुमी या इतिहासकारानं त्या वहीवर २०१२ मध्ये पुस्तक लिहिलं आणि त्यावरून २०१९ मध्ये ‘केस्सान! चुशिन्गुरा’ हा विनोदी चित्रपट निघाला. केस्सान म्हणजे हिशेबपूर्ती, आमचं मार्च एंडिंग. तलवारीच्या चित्रपटाला ताळेबंदाचं नाव देणाऱ्या देशाला माझा साष्टांग नमस्कार. यामामोतोंनी सोळा मोनच्या सोबा-शेवयांच्या वाडग्यावरून भाव बसवला आहे : एक ऱ्यो म्हणजे आजचे अंदाजे १,२०,००० येन. म्हणजे सगळं भांडवल सव्वाआठ कोटी येनांच्या घरात. एवढ्यात सूड बसवायचा.

आता खर्च बघा. सुरुवातीलाच धन्याची श्राद्धं, थडगं, देवळांना देणग्या यांत १२७ ऱ्यो गेले. त्यातला मोठा भाग क्योतोतल्या एका देवळाकडे. मग असानोच्या धाकट्या भावाला गादीवर बसवून संस्थान परत मिळवण्याच्या खटपटीत ६५ ऱ्यो. अशा खटपटीत पैसा कुठं मुरतो, हे कुठल्याही देशातल्या माणसाला सांगावं लागत नाही. एदोत सत्तर ऱ्योंना एक घर घेतलं, त्याचा उपयोगच झाला नाही. उपाशी पडलेल्या सोबत्यांना मदत म्हणून १३२ ऱ्यो. कुणाचं भाडं थकलेलं, कुणाच्या घरी धान्य नाही.

आणि सगळ्यांत मोठी रक्कम कशावर? प्रवासभत्त्यावर! २४८ ऱ्यो, म्हणजे एकूण खर्चाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त. क्योतो ते एदो हा पाचशे किलोमीटरचा रस्ता, जाताना माणशी तीनेक ऱ्यो. एदोत राहिलेले तरुण ‘आजच हल्ला करू’ म्हणून हट्टाला पेटले. त्यांना शांत करायला ओइशीनं माणसं पाठवली. ती माणसं तिथं जाऊन त्या तरुणांच्याच पक्षाला मिळाली. त्यांना शांत करायला मग ओइशी स्वतः गेला. हेड ऑफिसातून चौकशीला आलेला माणूस युनियनचा सभासद होऊन परत जावा तसा प्रकार. टी.ए. बिल मात्र दोघांचं.

गिओनच्या चहाघरांत ओइशीनं शत्रूला चकवायला उधळपट्टी केली, बायाबाटल्यांत लोळला, अशी नाटकांतून मोठी वर्णनं येतात. त्या चैनीची एकही नोंद वहीत नाही. जे काही केलं असेल ते स्वतःच्या खिशातून. कितीही मोठा क्रांतिकारक असला तरी मनोरंजन-भत्ता न घेणारा कारभारी हा मला जास्त मोठा वाटतो.

ऑगस्ट १७०२ मध्ये धाकट्या भावाची रवानगी हिरोशिमाच्या थोरल्या पातीकडे झाली आणि संस्थान मिळण्याची आशा संपली. मग सुडाचं ठरलं. शपथपत्रावर सुरुवातीला सव्वाशेच्या आसपास सह्या होत्या. ओइशीनं त्या लोकांना परत केल्या. ज्यांनी ‘परत कशाला, आम्ही येणारच’ म्हटलं तेवढेच घेतले. गळालेल्यांना नाटकवाले भेकड म्हणतात. मला तसं म्हणवत नाही. दोन वर्षं पगार नसताना, घरी म्हातारी आई आणि तीन पोरं असताना, प्रत्येकाचं शौर्य कुठवर शिलकीत राहणार? यामामोतोंचं तर म्हणणं, हल्ल्याची वेळ ठरण्यात पैसा संपत आल्याचा मोठा हात होता. आणखी सहा महिने थांबायचं ठरलं असतं तर किरा सुखानं म्हातारपणानं मेला असता, कारण तिजोरीत खडखडाट. आणि ज्यासाठी एवढं सगळं, त्या हल्ल्याच्या हत्यारांवर आणि सामानावर किती खर्च? बारा ऱ्यो. प्रवासभत्त्याच्या विसावा हिस्सा!

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. जानेवारी १७०३च्या अखेरीस, पहाटेच्या अंधारात, बर्फ पडून गेलेल्या रस्त्यानं सत्तेचाळीस जण किराच्या वाड्यावर चालून गेले. किरा कोळशाच्या कोठीत लपलेला सापडला. त्याचं शिर त्यांनी सेन्गाकु-जीच्या देवळात धन्याच्या थडग्यापुढे ठेवलं. सरकारला मोठा पेच पडला, पंडितांनी दोन्ही बाजूंनी लेख लिहिले. कारण कायद्यानं हा सूडच नव्हता. किरानं असानोला मारलं नव्हतं, सरकारनं मारलं होतं. रजिस्टरात नोंद तर नव्हतीच. मार्चमध्ये शेहेचाळीस जणांना पोट चिरून मरायची आज्ञा झाली.

मला त्या सत्तेचाळिसांत नसलेल्या एका माणसाचं वाईट वाटतं. यातो चोसुके त्याचं नाव. हा आकोच्या हिशेबखात्यातला माणूस. संस्थान बुडाल्यावर आवराआवर झाली त्यात हा होता, शपथेतही होता. पण १७०२च्या उन्हाळ्यात आजारात गेला. त्याच्या जागी त्याचा मुलगा एमोशिची उभा राहिला, वय सतरा-अठरा. त्यानं आईला नातेवाइकांकडे पोचवायला नेलं, पण बाईमाणसाला लागणारा प्रवासाचा परवाना नव्हता म्हणून नाक्यावरून तिला परत आणावं लागलं, असं सांगतात. पोरगा हल्ल्यात गेला आणि फेब्रुवारी महिना उलटून मार्च उजाडला तसा बाकीच्यांबरोबर मेलाही. २०१९च्या चित्रपटात चोसुकेचं काम एका विनोदी नटाला दिलंय. तो ओइशीला सारखं ‘पैसे नाहीत’ एवढंच सांगत फिरतो. हिशेबनीस मरतो तिथं मी चष्मा पुसला. हिनं पाहिलं, पण काही बोलली नाही.

हल्ल्याच्या थोडे दिवस आधी ओइशीनं वही पुरी केली. जमा ६९० ऱ्यो, खर्च ६९७ ऱ्यो आणि वर काही. पुढच्या महिन्यात मरायचं आहे हे माहीत असलेला माणूस! त्यानं सात ऱ्यो एक बु स्वतःच्या पदरचे घातले, तशी नोंद केली आणि वही धन्याच्या विधवेच्या कारभाऱ्याकडे रवाना केली. नोंदींपुढे जिथं पावती घेतलेली तिथं ‘पावती आहे’ असा शेराही आहे.

आमचे हेडकॅशियर दोन वर्षांत निवृत्त होणार आहेत. ते फार कशानं हलत नाहीत. डबा खाताना मी त्यांना हे सगळं सांगितलं. पावत्यांचं ऐकून त्यांनी चमचा खाली ठेवला.

“माणूस चोख होता,” ते म्हणाले. मग थोडा विचार करून, “पण फरक स्वतःच्या खिशातून भरून खातं जुळवायचं, हे नियमात बसत नाही. ऑडिटरनं पकडलं असतं.”

आणि त्यांनी उरलेला दहीभात संपवला.